बाथरूमच्या छताला कोणता रंग लावावा?

नागपुरात बाथरूमच्या रंगाची खरी परीक्षा डिसेंबर-जानेवारीत होते. रात्रभर गारठलेल्या स्लॅबला सकाळी गिझरच्या पाण्याची वाफ लागते आणि छतावर थेंब जमतात. तिथे हॉलमधून उरलेलं डिस्टेंपर मारलेलं असेल, तर ते हाताला पिठासारखं लागतं. पाठोपाठ काळे ठिपके येतात.

पण दुकानात जाण्याआधी ओल कुठून येते ते बघा. फुटभर प्लास्टिकचा तुकडा छताला चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि 24 तास ठेवा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब दिसले, तर पाणी वरच्या मजल्यावरून किंवा गच्चीवरून झिरपतंय. अशा वेळी कितीही महागडा रंग लावा, पावसाळ्यात फुगे येणार आणि पोपडे पडणार. भिंतीला लोणा लागला असेल, म्हणजे ओलीने पांढरा क्षार फुटला असेल, तरी हेच. आधी गळती बंद करा, स्लॅब पूर्ण वाळू द्या. फक्त बाहेरची बाजू ओली असेल तर दोष वाफेचा आहे, आणि तिथेच रंगाची निवड कामी येते.

घ्यायचं ते बुरशीरोधक, धुता येणारं अ‍ॅक्रिलिक इमल्शन (पाण्यात मिसळणारा रंग), मध्यम चमकेचं साटिन किंवा सेमी-ग्लॉस. मॅट, म्हणजे बिनचमकीच्या रंगात भुकटी जास्त आणि ती धरून ठेवणारं रेझिन कमी, म्हणून त्याच्या बारीक छिद्रांत ओल आणि वाफ मुरते. पूर्ण ग्लॉसमध्ये मात्र छताची प्रत्येक उंचसखल जागा उठून दिसते. ऑइल पेंट अजूनही बरेच जण सुचवतात. लोखंडी दारा-खिडक्यांना तो उत्तम, पण अंधाऱ्या बाथरूममध्ये पांढरा ऑइल पेंट पिवळा पडतो आणि मागून थोडीही ओल आली की सालीसारखा सुटतो.

रंगापेक्षाही जास्त चुका त्याच्या खालच्या थरात होतात. बाथरूमच्या छताला पीओपी नको, ते पाणी शोषतं. पुट्टी व्हाइट सिमेंटचीच घ्या. अ‍ॅक्रिलिक पुट्टी घासायला सोपी म्हणून पेंटर तिचा आग्रह धरतात, पण ओलीत ती मऊ पडते. काळी बुरशी नुसती खरवडून वरून रंग मारला, तर काही महिन्यांत तीच पुन्हा डोकं काढते. एक भाग ब्लीच आणि तीन भाग पाणी लावून 15-20 मिनिटं ठेवा, मग धुवा आणि पूर्ण वाळवा. हातमोजे घाला, दार-खिडकी उघडी ठेवा. ब्लीचमध्ये संडास धुण्याचं अ‍ॅसिड कधीही मिसळू नका, विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

हिशेब असा. 5 बाय 7 फुटांच्या बाथरूमचं छत 35 चौरस फूट. टाइल्सच्या वर दोन फूट भिंत उरली असेल, तर ती 48. खिडकी वजा जाता साधारण 80. दोन हातांची पुट्टी 8 ते 10 किलो, प्राइमर एक लिटर, इमल्शनचे दोन हात द्यायला दीड लिटरच्या आसपास. एक लिटरच्या डब्यात दुसरा हात बहुधा अर्ध्यावर अडतो. मग पेंटर पाणी वाढवतो आणि थर पातळ होतो. म्हणून एकेक लिटरचे दोन डबे घ्या. पाणी डब्यावर लिहिलंय तेवढंच घाला. दोन हातांमध्ये चार ते सहा तास जाऊ द्या.

काम दसऱ्यानंतर किंवा फेब्रुवारीत काढा. मेच्या 45 अंशांत पुट्टी घट्ट व्हायच्या आधीच सुकते आणि तडकते. तेव्हाच करावं लागलं तर पुट्टीआधी भिंतीवर पाणी शिंपडा.

रंग दिल्यावर चार-पाच दिवस तिथे गरम पाण्याने आंघोळ टाळा. घाई केली तर कोवळ्या रंगातून तपकिरी, चिकट ओघळ उतरतात. ते दिसले तर घाबरून पुन्हा रंग मारू नका, ओल्या फडक्याने पुसले की जातात. एक्झॉस्ट फॅन आंघोळीनंतर 15-20 मिनिटं चालू ठेवा आणि दाराखाली बोटभर फट असू द्या, नाहीतर बाहेरची हवा आत येत नाही आणि पंखा नुसताच फिरतो.