कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानातल्या कुस्त्यांची सूची : काम कुठवर आलंय

मंडळी, कोल्हापूरच्या कुस्तीच्या जुन्या बातम्या वाचनालयातल्या बांधीव अंकांतून शोधून त्यांची सूची करायचं काम आता चांगलंच पुढं सरकलंय. काळ मुद्दाम छोटा धरलाय, 1948 ला खाशाबा जाधव लंडन ऑलिम्पिकमध्ये फ्लायवेटला सहावे आले तिथपासून 1959 ला श्रीपती खंचनाळे पहिले हिंदकेसरी झाले तिथपर्यंत.

या टप्प्यात एक गोष्ट पक्की झाली, नुसत्या वर्तमानपत्रावर काम भागत नाही. मैदानाच्या हँडबिलावर पहिल्या नंबरपासून खालपर्यंतच्या सगळ्या जोडी असतात, पैलवान कुठल्या तालमीचा, वस्ताद कोण, इनाम किती, पण ते मैदानाच्या आधी छापलेलं असतं, ऐनवेळी जोड बदलली तर त्यात काहीच कळत नाही. आणि बातमीत निकाल असतो, कधी डाव पण असतो, घिस्सा का ढाक का एकलंगी, कुस्ती चितपट झाली का बरोबरीत सोडवली, पण तो वरच्या दोन-चार जोडींचाच. म्हणून आता सूचीत दोन वेगळे रकाने केलेत, ‘पुकारलेली जोड’ आणि ‘झालेली कुस्ती’, दुसऱ्याला छापील आधार मिळेपर्यंत तो रिकामाच ठेवायचा, कुणी कितीही खात्रीनं सांगितलं तरी.

हँडबिलावर शके आणि तिथी असेल तर चैत्र ते कार्तिक सरळ 78 मिळवा, शके 1874 म्हणजे 1952. मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंत मात्र पंचांग बघूनच तारीख लावा कारण मधेच इंग्रजी वर्ष बदलतं, आणि यात्रेची बरीच मैदानं नेमकी त्याच दिवसांत असतात. नावांचं पण तसंच, एकच माणूस कुठं ‘खाशाबा’ कुठं ‘के. डी.’, दोन्ही नावांनी नोंद ठेवायची आणि एकमेकांशी जोडायची.

फोटो काढताना फ्लॅश नको, शिवण ताणून पान सपाट करायचं नाही, जुना न्यूजप्रिंट आम्ल धरतो आणि घडीवरच तुकडा पडतो. तालमीत कुणाकडं जुनं हँडबिल असेल तर हात जोडून सांगतो, लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका, आम्लविरहित कागदात सपाट ठेवा. फोटोतली छापील अक्षरं ओळखून मजकूर करून देणारं टेसरॅक्ट नावाच्या सॉफ्टवेअरचं मराठी ओसीआर स्वच्छ पानावर बरं चालतं, पण पैलवानांची नावं हातानंच तपासावी लागतात.

आता पुढचा गठ्ठा जुलै-ऑगस्ट 1952 चा. हेलसिंकीत खाशाबांना बॅन्टमवेटचं ब्राँझ मिळालं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक, ते सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच स्पर्धेत फेदरवेटला केशव माणगावे चौथे आले होते, हे तालमीतल्या पोरांना विचारा, कितीजण सांगतात बघा. मला याचं खरंच वाईट वाटतं, एका क्रमांकानं माणूस आठवणीतनं जातो. त्यांच्या कुस्त्यांचं एकेक वाक्य मला त्या अंकांतून हवंय.

आणि दुसरं म्हणजे राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅ. बाळासाहेब खर्डेकरांनी खाशाबांच्या प्रवासासाठी घर गहाण टाकून सात हजार उभे केले, ही गोष्ट कोल्हापुरात घरोघरी सांगतात. त्या वेळच्या अंकात किंवा कॉलेजच्या नियतकालिकात त्याचा छापील उल्लेख सापडतोय का ते बघायचंय. सुरुवात शिवाजी विद्यापीठाच्या ग्रंथालयापासून करणार, त्याला खर्डेकरांचंच नाव आहे.

कुणाच्या घरी, तालमीत, नाहीतर गावच्या वाचनालयात त्या काळातली हँडबिलं असतील तर कागद तुमच्याकडंच ठेवा, मला फक्त दोन्ही बाजूंचा फोटो पाठवा, मागच्या बाजूला पेन्सिलीनं निकाल लिहून ठेवलेला असू शकतो.