चाळकेवाडीचा वारा आणि ९६ ब्लॉक

वातावरणशास्त्र शिकून मी पुण्यातल्या एका कंपनीत पवनचक्क्यांच्या शेड्यूलिंगला लागले. वाऱ्याचा अंदाज बरोबर आला की झालं, अशी तेव्हा समजूत होती.

ग्रिडचा, म्हणजे वीजवहनाच्या जाळ्याचा, दिवस १५-१५ मिनिटांच्या ९६ ब्लॉकचा असतो. साताऱ्याच्या पठारावरच्या पवनचक्क्या उद्या कुठल्या ब्लॉकमध्ये किती मेगावॉट देणार, हे आदल्या दिवशीच, राज्यातल्या विजेची मागणी आणि पुरवठा जुळवणाऱ्या राज्य भार प्रेषण केंद्राला कळवायचं. हेच शेड्यूल. वीज नियामक आयोगाच्या २०१८ च्या नियमांत उपलब्ध क्षमतेच्या १५ टक्क्यांपर्यंतची तफावत माफ होती. त्यापुढे तफावत वाढेल तसा दंड, युनिटमागे ५० पैसे, मग रुपया, मग दीड रुपया.

आता वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाच्या पटीत बदलते. हवामानाच्या मॉडेलने सेकंदाला १० मीटर सांगितले आणि आले ८, तर हवामानवाले म्हणतील, अंदाज झकास. आमची वीज मात्र निम्म्यावर! शिवाय मॉडेलच्या १२ किलोमीटरच्या एका चौकटीत कोयनेचं खोरं, कडा आणि चाळकेवाडीचं पठार सगळं एकातच येतं. मॉडेलच्या लेखी तिथे एक गुळगुळीत उतार असतो. म्हणून टर्बाइनवरच्या वाऱ्याच्या जुन्या नोंदी घेऊन, दिशेप्रमाणे आणि महिन्याप्रमाणे, मॉडेलचा आकडा वरखाली करायला शिकले.

तरीही सगळ्यात जास्त पैसे गेले ते वेळेपायी. मे महिन्यातली एक दुपार सांगते. अंदाजाप्रमाणे दोन वाजता वारा चढायचा होता, तो चढला साडेतीनला. दिवसभराची एकूण युनिटं जवळजवळ तंतोतंत जुळली, पण दीड तासाचे सहा ब्लॉक वीज कमी, आणि पुढे वारा उशिरापर्यंत टिकला म्हणून तितकेच ब्लॉक जास्त. दंड दोन्हीकडून. हिशेब लेखा विभागाला समजावताना माझी पुरेवाट झाली.

शेड्यूल दुरुस्त करता येतं, पण दुरुस्ती लगेच लागू होत नाही. म्हणून वळवाच्या दिवसांत रडारच्या चित्रासोबत साइटवरच्या दादांचा फोन मी कधीच चुकवत नाही. "मॅडम, ढग घाटाखालीच अडकलंय, तासभर तरी काही येत न्हाई," एवढं त्यांनी सांगितलं की दुरुस्ती जिथून लागू होईल तिथपासूनचे ब्लॉक खाली आणायचे. वादळाच्या तोंडाशी वारा एकदम उसळतो आणि पाऊस सुरू झाला की पडतो. कुठलंही मॉडेल हे मिनिटावर पकडत नाही.

पुढे मला वीज खरेदीच्या टेबलावर बसवलं. तिथे पाऊस वेगळाच दिसतो. मराठवाड्यात चांगली सर झाली की शेतीपंप बंद होतात आणि मागणी धाडकन उतरते. आदल्या दिवशी घेतलेली वीज गळ्यात पडते. २०२५ मध्ये मॉन्सून मुंबईत २६ मे रोजीच दाखल झाला. त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, उन्हाळ्याची मागणी गायब झाली होती, आणि वीज एक्स्चेंजच्या रिअल-टाइम, म्हणजे आयत्या वेळच्या, बाजारात भाव काही ब्लॉकमध्ये चक्क शून्यावर आला. मे महिन्यात वीज फुकट! आमच्याकडे स्क्रीन रिफ्रेश करकरून पाहिला गेला.

ऑक्टोबर नेमका उलटा. मॉन्सून माघारी गेला की पठारावरचा वारा मरतो, उकाड्याने एसी सुरू होतात आणि सूर्य मावळताच सौरवीज संपते. त्या दिवसांत मी सकाळी उद्याच्या तापमानाचा अंदाज पाहून उद्या संध्याकाळी सहा ते दहाच्या ब्लॉकसाठी दुसऱ्या दिवशीच्या विजेच्या बाजारात बोली लावून ठेवते, थोडी महाग पडली तरी चालते. आयत्या वेळी रात्री आठला शोधायला गेलं, तर भाव बरेचदा युनिटमागे १० रुपयांच्या कमाल मर्यादेला टेकलेला असतो, आणि तेवढे मोजूनही मागितलेली सगळी वीज पदरात पडत नाही.