आईचं मनगट आणि जांभ्याचा चिरा
परवा आई खळ्यात शेवाळावरून घसरली, मनगट मोडलं. रत्नागिरीला सीटी स्कॅन काढला, मी आपला स्क्रीनकडे बघतोय की हाडातली जाळी दिसेल, पण कुठलं काय, नुसता करडा धुरळा. कारण साधंय, त्या जाळीतल्या हाडाच्या काड्या जेमतेम 0.1 ते 0.2 मिलिमीटर जाड आणि नेहमीच्या सीटीला साधारण अर्ध्या मिलिमीटरच्या खालचं सुटं दिसत नाही, मग काडी नि मधली अस्थिमज्जा मिळून एकच ठिपका. जांभ्याच्या चिऱ्याचा फोटो लांबून काढला तर भोकं दिसतात का, तसंच.

मायक्रो-सीटीत, म्हणजे प्रयोगशाळेतल्या बारीक सीटीत, 10 मायक्रॉनही (मिलिमीटरचा शंभरावा भाग) दिसतात, पण आत हाडाचा तुकडा ठेवायचा नायतर उंदीर, आईला कुठे ठेवणार! मधला मार्ग एचआर-पीक्यूसीटी, म्हणजे फक्त हातापायाचं हाड बारकाईने बघणारं सीटी. नव्या मशीनचा व्होक्सेल, म्हणजे चित्रातला एक ठिपका, 61 मायक्रॉन, जिवंत माणसाचं मनगट आणि घोट्याजवळचं हाड मोजतं, रेडिएशनही कमी. तरी एका काडीला दोन-तीनच ठिपके येतात, त्यामुळे जाडीचा आकडा फुगतो, मला विचाराल तर काड्या किती नि किती अंतरावर हेच जास्त भरवशाचं. आणि हात हलला की चित्र फिसकटलं. आई दोन-तीन मिनिटं गप्प बसेल तर शपथ.