पांढरं की मोरपंखी?

आजचा अख्खा शनिवार सनमायकाच्या दुकानात गेला. स्वयंपाकघराचं काम काढलंय आणि घरात सरळ दोन पक्ष पडलेत. नवऱ्याला ऑफ-व्हाइट आणि बेज हवंय, मला मोरपंखी. सासूबाई तटस्थ, पण "पांढऱ्यावर हळद सांडली की बघा मग" एवढं बोलून मोकळ्या झाल्या.

मुद्दा खराच आहे. हळदीचा डाग उन्हात फिका पडतो, पण ओट्याखाली ऊन येणार कुठून? गडद रंगही काही साधा नाही म्हणा. तिथल्या निळ्या मॅट तुकड्यावर मी नुसतं बोट टेकवलं, तर तेलकट ठसा उमटला! आणि ट्यूबलाइटखाली झकास दिसणारा मोरपंखी दाराबाहेर उजेडात नेला, तर चक्क हिरवा. पिवळ्या दिव्याखाली तिसराच. हाताएवढा तुकडा बघून 8 बाय 4 फुटांची शीट ठरवायची म्हणजे जुगारच.

नवऱ्याचं म्हणणं, गडद रंगाची हौस भिंतीवर भागव, ती दोन दिवसांत पुन्हा रंगवता येते. लॅमिनेट बदलायचं तर परत सुतार, परत भुसा. पटलं, पण पूर्ण नाही. आमचं स्वयंपाकघर लहान आणि उत्तरेकडचं, म्हणून वरची कपाटं फिकट घेतली. खालच्या ट्रॉल्या मात्र मोरपंखीच. टाइल्सच्या फटींत राखाडी इपॉक्सी, म्हणजे फोडणीचे डाग मुरणार नाहीत. ओटा काळ्या ग्रॅनाइटचा, त्यावर घरात एकमत.

हँडल पितळी की काळी, हे भांडण उद्या.

ज्यांच्याकडे गडद मॅट ट्रॉल्या आहेत त्यांनी सांगा, कशाने पुसता?