आमची वाटचाल: मोंढ्यातलं सॉफ्टवेअर आणि त्याच्या आवृत्त्या

लातूरच्या मोंढ्यातल्या आडत दुकानांसाठी आम्ही हिशोबाचं सॉफ्टवेअर करतो. सौदा झाला की शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे मालाच्या विक्रीचा हिशोब, निघाली पाहिजे, हमाली-तोलाई बरोबर लागली पाहिजे, खरेदीदाराची उधारी खात्यावर चढली पाहिजे. १ जुलै २०१७ला जीएसटी लागू झाला आणि उदगीर, औसा, अहमदपूरकडचे दुकानदारही विचारायला लागले. तेव्हा नवी आवृत्ती द्यायची म्हणजे पेन ड्राइव्ह खिशात घालून गाडीला किक मारायची.

दुकानं वाढली तसा खरा प्रश्न पुढे आला. मुनीमजी फोनवर म्हणतात, "साहेब, पट्टीत हमाली दोनदा लागायलीय बघा." ती दुरुस्ती आधीच झालेली असू शकते, फक्त त्यांच्या संगणकावर पोचलेली नसते. कोणाकडे कोणती आवृत्ती आहे हे कळल्याशिवाय उत्तर देताच येत नाही. म्हणून आम्ही गिटहबवरचं (कोड ठेवायची वेबसाइट) रिलीजचं, म्हणजे आवृत्ती प्रसिद्ध करायचं, काम मनावर घेतलं.

रिलीज टॅगवर उभं असतं, आणि टॅग म्हणजे कोडच्या एका ठरावीक कमिटला, म्हणजे नोंदवून ठेवलेल्या टप्प्याला, दिलेलं नाव. त्या नावाखाली काय बदललं याचं टिपण आणि इन्स्टॉलर (सॉफ्टवेअर बसवायची फाइल) ठेवायचा. आमचा कोड खासगी रिपॉझिटरीत, म्हणजे गिटहबवरच्या कोठारात, आहे, आणि तिथली फाइल लॉगइनशिवाय उतरत नाही. मुनीमजींना लॉगइन कुठून देणार? म्हणून फक्त इन्स्टॉलरसाठी वेगळी सार्वजनिक रिपॉझिटरी केली. दोन्हीकडे क्रमांक एकच.

४.२.१ मधला शेवटचा आकडा दुरुस्तीचा, मधला नव्या सोयीचा. पहिला बदलला तर जुना डेटा नव्या साच्यात न्यावा लागतो; तेव्हा आम्ही स्वतः दुकानात जाऊन बॅकअप घेतो, फोनवर भागवत नाही.

नवी आवृत्ती आधी मोजक्या दुकानांत प्री-रिलीज, म्हणजे चाचणीची आवृत्ती, म्हणून जाते. प्री-रिलीजला 'लेटेस्ट' हा शिक्का लागत नाही, आणि आमचं सॉफ्टवेअर अपडेट शोधताना लेटेस्टच बघतं, त्यामुळे बाकीची दुकानं निर्धास्त राहतात. प्रसिद्ध केलेली फाइल मात्र आम्ही कधीच बदलत नाही, दुरुस्ती पुढच्या क्रमांकाने जाते. एकाच क्रमांकाच्या दोन फाइली फिरल्या तर सगळी नोंदच निरुपयोगी. आता गिटहबवर इम्यूटेबल, म्हणजे न बदलता येणाऱ्या, रिलीजची सोय आहे. ती चालू केली की टॅग आणि फाइल दोन्हींना कुलूप लागतं.

कोणती फाइल किती वेळा उतरवली हे गिटहब एपीआयमधून (प्रोग्रामने माहिती विचारायची सोय) सांगतं, कोणी उतरवली ते नाही. त्यासाठी आम्ही पट्टीच्या तळाशीच बारीक अक्षरात आवृत्ती क्रमांक छापतो. मुनीमजी हातातली पट्टी बघून तो वाचून दाखवतात. मला विचाराल तर आमच्या सॉफ्टवेअरमधली सगळ्यात कामाची ओळ तीच.

टिपणं मराठीत असतात आणि ती फोन घेणारी माणसं लिहितात. दुकानदाराला काय अडतं ते त्यांनाच ठाऊक. आम्ही वापरतो त्या लायब्ररींवर (दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड) गिटहबच्या 'वॉच'मध्ये फक्त रिलीज निवडून ठेवलंय, म्हणजे त्यांची नवी आवृत्ती आली की मेल येतो.

दसरा-दिवाळीत सोयाबीनची आवक जोरात असताना फक्त शेवटचा आकडा हलतो. ५.० सध्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे अजून प्रसिद्ध न केलेल्या मसुद्यात, आहे, हिंगोली-वसमतच्या हळद व्यापाऱ्यांसाठी. तुरीची गर्दी ओसरली की प्री-रिलीज काढू.