शोधग्राम ते भामरागड: दवाखान्याच्या वाटेवर

गडचिरोलीहून धानोऱ्याच्या रस्त्याला लागलं की चातगावजवळ 'सर्च' संस्थेचं शोधग्राम लागतं. तिथला माँ दंतेश्वरी दवाखाना पहिल्या नजरेत दवाखाना वाटतच नाही, गावातल्या घरांसारखा दिसतो. ते मुद्दाम केलेलं आहे. 'सर्च'चे संस्थापक डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली जिल्ह्यात काम सुरू केलं आणि दवाखाना उभारताना आदिवासींनाच विचारलं, तुम्ही दवाखान्यात का येत नाही? लोक म्हणाले, मोठ्या इमारतीची भीती वाटते. तिथली माणसं पांढऱ्या कपड्यांत असतात, आणि पांढऱ्या कापडात आम्ही मढं गुंडाळतो. सोबत आलेल्यांना बाहेर काढतात. तिथे आमचा देवही नसतो. म्हणून इथे रुग्णाचं घरदार त्याच्यासोबत राहू शकतं आणि दवाखान्याला नाव देवीचं आहे.

ही कारणं ऐकल्यावर 'अंधश्रद्धाळू लोक, औषध घेत नाहीत' हे शहरात सर्रास ऐकू येणारं वाक्य मला फार उथळ वाटायला लागलं.

पुढे आलापल्लीवरून भामरागडकडे निघाले. तेंदूपत्त्याचे दिवस होते. माडिया आदिवासींच्या एका पाड्यावर अंगणात पुडे बांधत बसलेल्या आजींना विचारलं, ताप आला तर आधी कुठे जाता? "पुजाऱ्याकडं. मग आशाताईकडं गोळी." दोन्ही? "दोन्ही. का बिघडते?" पुजारी घराजवळ आहे, त्यांच्या भाषेत बोलतो, आजाऱ्याजवळ रात्रभर बसतो. गोळीने ताप उतरतो हेही त्यांना पक्कं ठाऊक आहे.

उशीर मात्र जीवघेणा ठरतो, हे लपवण्यात अर्थ नाही. मेंदूचा मलेरिया झालेल्या मुलाला एक रात्रही जड जाते. पण त्या उशिराचं सगळं खापर पुजाऱ्यावर फोडणं अन्यायाचं आहे. पावसाळ्यात पर्लकोटा नदी पुलावरून वाहू लागली की भामरागडचा संपर्क तुटतो. हंगामात दवाखान्यात घालवलेला प्रत्येक दिवस म्हणजे बुडालेली मजुरी. डोंगराळ आणि आदिवासी भागासाठी २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असा निकष आहे, पण जंगलात विखुरलेल्या पाड्यांपासून ते केंद्र किती दूर आहे, हे या आकड्यातून कळत नाही.

म्हणूनच 'सर्च'चा दुसरा प्रयोग मला अधिक मोलाचा वाटतो. ३९ गावांत तिथल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. श्वास मोजणं, बाळाला ऊब देणं, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणं, सगळं घरातच. नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचे निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले.

हेमलकशाला, आमट्यांच्या लोकबिरादरी प्रकल्पाच्या दवाखान्याबाहेर, झाडाखाली एक कुटुंब चूल मांडून बसलं होतं. सून आत दाखल होती. सरकारी रुग्णालय आणखी मोठं आहे, तिकडे का नाही नेलं, असं मी सासऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, "तिथं आम्हाला कोण वळखते, ताई?"