वेताचं बी वाळलं की मेलं

ज्वारी-तूर पेरणाऱ्या माणसाला बी म्हटलं की उन्हात खडखडीत वाळवून, राख लावून डब्यात भरलेलं बीच आठवतं. वेताचा घात नेमका तिथेच होतो. मला बी विकणाऱ्या रोपवाटिकेनेही ते वाळवून, कागदात बांधून पाठवलं. वर ‘पावसाळ्यात कधीही लावा’ असा सल्ला. तीन महिने वाफ्याला पाणी घातलं, एक कोंब नाही. विचारलं तर उत्तर आलं, ‘पाणी कमी पडलं असेल.’

पाण्याचा दोष नव्हता. वेताच्या बियात ओल मुळातच जास्त असते आणि ती गेली की आतला अंकुर मरतो. मग कितीही भिजवा, उपयोग नाही. एक बी चाकूने कापून पाहिलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. जिवंत बियात बारीक अंकुर पांढरा, भरलेला दिसतो. मेलेल्यात तपकिरी, आकसलेला.

म्हणून बी नकोच, पिकलेली फळं मागा, खवल्यांसकट. वेताच्या फळावर उलटे, एकावर एक चढलेले खवले असतात. शिंदीच्या फळावर ते नसतात आणि तिच्या बीला खजुरासारखी लांब खाच असते, त्यामुळे वेताच्या नावाखाली शिंदी गळ्यात पडण्याची फसवणूकही टळते. फळं एक-दोन दिवस पाण्यात ठेवा, खवले सोलून गर वाळूने चोळून पूर्ण काढा. गर राहिला तर बुरशी धरते, मुंग्याही येतात. तरंगणारं बी फेकून द्या. उरलेलं त्याच दिवशी सावलीत, वाळू आणि लाकडाच्या भुशाच्या वाफ्यात बोटाच्या एका पेराएवढं खोल टाका. वर ओलं गोणपाट. पेरायला उशीर होणार असेल तर ओलसर भुशात, भोकं पाडलेल्या पन्नीत ठेवा, फ्रिजमध्ये नको.

मग थांबायचं. अंकुर ज्या जागेतून बाहेर येतो तिथे बियावर एक टणक झाकण असतं, ते ढिलं व्हायला आठवडे, कधी महिने लागतात. झाकण नखाने अलगद काढलं तर उगवण लवकर होते, पण हात चुकला तर अंकुरच तुटतो. दर आठवड्याला उकरून बघणाऱ्यांनी वेताच्या नादी लागू नये.

कोंब आला की पुढचं सोपं: पन्नीत पोयटा, वाळू, शेणखत आणि अर्धी सावली.

जागेचं मात्र आधीच ठरवा. दक्षिण भारत आणि श्रीलंकेतला बारीक वेत, शास्त्रीय नाव कॅलॅमस रोटँग, ओढ्याकाठच्या दमट जागी वाढणारा. चंद्रपूरकडे मात्र उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. उघड्या काळ्या रानात भेगा पडून मुळं तुटतात. तलावाच्या पाळीखाली जिथे पाणी झिरपतं, तिथे अर्जुन-जांभळीच्या सावलीत लावा. मोहाखाली अजिबात नको: फुलं वेचायला माणसं अनवाणी येतात आणि वेताच्या दांड्याला गुंडाळलेल्या पानांच्या आवरणावर काटे असतात. पानांच्या बगलेतून निघणारे आकड्यांचे लांब चाबूक कपड्यांत अडकतात. त्याच आकड्यांनी वेल झाडावर चढतो, म्हणून जिवंत आधार लागतोच.

पहिली काही वर्षं तो गवताच्या झुबक्यासारखा बसून राहतो, दांडा लांबत नाही. मेला समजून उपटू नका. आणि जाड होईल म्हणूनही थांबू नका, हे ताड-माडाचं कुळ आहे. दांडा जेवढ्या जाडीचा निघतो तेवढाच राहतो, फक्त लांबी वाढते.

हे आधीच सांगायला हवं होतं: नर आणि मादी झाडं वेगळी असतात, फुलल्याशिवाय ओळखू येत नाहीत. फळं हवी असतील तर निदान सात-आठ रोपं जवळजवळ लावा.